सही नाकारणारा प्राध्यापक

बारावीच्या गणितात किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात डी मॉर्गनचे नियम भेटतात. ‘अ आणि ब’ नाकारायचे तर ‘अ नाही किंवा ब नाही’ म्हणावे. ‘अ किंवा ब’ नाकारायचे तर ‘अ नाही आणि ब नाही’. सत्यता सारणी मांडली की दोन मिनिटांत सिद्धता संपते, पेपरात गुण हमखास मिळतात, आणि ज्याचे नाव त्या नियमांना आहे त्या माणसाशी असलेला संबंधही तिथेच संपतो. ऑगस्टस डी मॉर्गनवर (१८०६–१८७१) हा अन्यायच म्हटला पाहिजे, कारण ही दोन विधाने मुळात त्याच्या शोधाची नव्हेत. चौदाव्या शतकात ऑकमच्या विल्यमला आणि त्याच्या काळच्या इतर तर्कपंडितांना ती ठाऊक होती. डी मॉर्गनने ती नव्या चिन्हांत आणली, एवढेच. मग त्याच्या नावावर उरते काय? डोंगराएवढे लिखाण, नामवंत विद्यार्थी, थोडा विक्षिप्तपणा आणि दोन राजीनामे. चरित्रे ह्या गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत घालतात: गणित एका प्रकरणात, तत्त्वनिष्ठा दुसऱ्यात, गमतीजमती शेवटी. माझे म्हणणे असे की ह्या सगळ्यांचे मूळ एकच आहे. स्वतःच्या बुद्धीला न पटलेल्या गोष्टीखाली सही करायची नाही आणि दुसऱ्याकडून ती करवून घ्यायचीही नाही, हा त्याचा नेम होता. केंब्रिजला नकार देताना तो जसा दिसतो, तसाच वजाबाकी शिकवतानाही दिसतो. त्याच्या गणिताचे मोल ठरवायचे तर ह्या नेमापासूनच सुरुवात करावी लागते.

त्याचा जन्म मदुराईचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात अधिकारी. मूल सात महिन्यांचे असताना कुटुंब इंग्लंडला परतले, आणि त्याआधीच त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेलेली होती. १८२३ साली तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, व्ह्यूएल आणि पीकॉक ह्यांच्या हाताखाली शिकला आणि १८२७च्या ट्रायपॉस परीक्षेत चौथा आला. चौथा क्रमांक म्हणजे फेलोशिप जवळजवळ घरी चालून आलेली. आडवे आले ते एक कलम. एम.ए. व्हायचे तर आपण इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे निष्ठावान सदस्य आहोत अशी लेखी कबुली द्यावी लागे, आणि एम.ए.शिवाय पुढचे दरवाजे बंद. शेकडो तरुण ती सही करत. त्यातल्या कित्येकांनी ती कलमे धड वाचलीही नसतील. रीत म्हणून सही करायची आणि पुढे जायचे. डी मॉर्गन नाही म्हणाला. त्याला नास्तिक समजून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे, पण ते खरे नाही. आई कडक धार्मिक, मुलाने पाद्री व्हावे अशी तिची इच्छा, आणि मुलगा स्वतःही आयुष्यभर ईश्वर मानत राहिला, कुठल्याही पंथाच्या वहीत नाव न घालता. मृत्युपत्रात त्याने लिहून ठेवले की येशू हा ईश्वराचा पुत्र आहे असे आपण मनोमन मानतो, परंतु तोंडाने ते कधी कबूल केले नाही, कारण आपल्या काळात अशी कबुली म्हणजे वर चढण्याची शिडी होती. हे वाक्य त्याच्या चरित्राची किल्ली आहे. श्रद्धेला त्याचा विरोध नव्हता. श्रद्धेच्या मोबदल्यात नोकरी मिळते, ह्या व्यवहाराला होता. ज्या गोष्टीची कबुली दिल्याने पगार मिळतो तिची कबुली खरी आहे की नाही, हे कबुली देणाऱ्यालाही सांगता येत नाही.

लंडनमध्ये तेव्हा एक नवे विद्यापीठ उभे राहत होते. ऑक्सफर्ड-केंब्रिजने ज्यांना दारातच अडवले होते अशा कॅथलिक, ज्यू आणि चर्चबाह्य प्रॉटेस्टंट मुलांसाठी गॉवर स्ट्रीटवर १८२८ साली त्याचे वर्ग सुरू झाले. धर्माची अट नाही आणि अभ्यासक्रमात धर्मशास्त्रही नाही, म्हणून सनातन्यांनी त्याला नास्तिकांचा अड्डा ठरवले. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन म्हणून ओळखल्या गेलेल्या ह्या संस्थेने गणिताच्या पहिल्याच प्राध्यापकपदी एकवीस वर्षांच्या, एकही पुस्तक नावावर नसलेल्या डी मॉर्गनला नेमले. मधली पाच वर्षे सोडली तर १८६६पर्यंत तो तिथेच शिकवत राहिला. त्याची रीत विद्यार्थ्यांच्या आठवणींतून आणि त्याच्या पुस्तकांतून बऱ्यापैकी कळते. व्याख्यान झाले की तो उदाहरणे देई. मुलांनी सोडवून आणलेले कागद स्वतः तपासून पुढच्या तासाआधी परत करी. नियम आधी आणि कारण मागाहून, हा क्रम त्याला अजिबात मंजूर नव्हता. परीक्षेपुरते घोकून घेण्याची, निवडक प्रश्न रगडून घेण्याची केंब्रिजी पद्धत त्याने स्वतः भोगली होती, आणि वर्गात तिला थारा दिला नाही. १८३०चे अंकगणितावरचे पुस्तक, १८३१चे गणिताच्या अभ्यासातील अडचणींवरचे, १८३५चे बीजगणित, १८४२चे कलनशास्त्र, ह्या सगळ्यांत एकच आग्रह आहे: ही पायरी का चढायची ते कळल्याशिवाय चढू नये. कलनशास्त्रात सीमेच्या कल्पनेवर त्याने दिलेला भर इंग्लंडमध्ये तेव्हा नवा होता. गणिती विगमनाला आज जे इंग्रजी नाव आहे ते रूढ होण्यातही त्याच्या १८३८च्या एका विश्वकोशीय लेखाचा वाटा आहे. तो ‘पेनी सायक्लोपीडिया’ कामगारांना आणि कारकुनांना परवडेल अशा किमतीत हप्त्याहप्त्याने निघे, आणि त्यात डी मॉर्गनचे सातशेहून अधिक लेख आहेत. एवढा मोठा गणिती तिथे वेळ का घालवतो, असे समकालीन विद्वानांना वाटले असेल. त्याला मात्र ते वर्गाचेच मोठे रूप वाटत असावे.

ह्या शिकवण्यातले बारकावे बघायचे तर १८३१च्या पुस्तकातले एक उदाहरण घेऊ. वडील ५६ वर्षांचे, मुलगा २९चा. वडिलांचे वय मुलाच्या दुप्पट कधी होईल? ‘क्ष वर्षांनी’ असे धरून समीकरण मांडले, की ५६ + क्ष = २(२९ + क्ष), आणि उत्तर येते क्ष = –२. वजा दोन वर्षांनी? नियम पाठ असलेला मुलगा इथे उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळा होतो. डी मॉर्गन त्याला थांबवतो. हे उत्तर, तो म्हणतो, जसे दिसते तसे निरर्थक आहे. पण निरर्थकही काहीतरी सांगते आहे. ते सांगते की तू प्रश्न चुकीच्या दिशेने विचारलास. ‘कधी होईल’ ऐवजी ‘कधी झाले होते’ असे विचार, म्हणजे उत्तर सरळ येईल: दोन वर्षांपूर्वी, वडील ५४चे आणि मुलगा २७चा असताना. ऋण संख्या अस्तित्वात असतात की नाही, ह्या वादावर तेव्हाच्या इंग्लंडमध्ये खरोखर शाई खर्च होत होती, आणि वादातला एक जुना योद्धा डी मॉर्गनच्या घरचाच होता. १८३७ साली त्याने जिच्याशी लग्न केले त्या सोफियाचे वडील विल्यम फ्रेंड. चर्चवर टीका करणाऱ्या पुस्तिकेबद्दल १७९३ साली केंब्रिजने त्यांच्यावर खटला चालवून त्यांना हाकलले होते. आणि १७९६च्या आपल्या बीजगणिताच्या पुस्तकात त्यांनी ऋण संख्यांनाही हाकलून लावले होते, कारण शून्यापेक्षा कमी असे काही असू शकते हे बुद्धीला पटत नाही म्हणून! सासरा आणि जावई दोघेही न पटलेले मानायला तयार नव्हते. फरक एवढाच की जावयाने आणखी एक पाऊल टाकले. चिन्हांना आपण कोणता अर्थ देतो आणि त्या अर्थाच्या मर्यादेत कोणते नियम चालतात हे स्पष्ट सांगितले, तर ऋण संख्या ‘आहेत’ अशी कबुली कोणाकडून घ्यावीच लागत नाही. १८४९च्या ‘दुहेरी बीजगणिता’त त्याने हा विचार काल्पनिक संख्यांपर्यंत नेला. केंब्रिजने त्याच्याकडे जे मागितले होते ते मागण्याची गरजच पडू नये असे गणित त्याने मुलांपुढे ठेवले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो शिक्षकांकडूनच येतो. प्रत्येक मुलाला प्रत्येक पायरीचे कारण पटवत बसलो तर अभ्यासक्रम संपणार कधी? शिवाय गणिताचा बराचसा भाग आधी सवयीने हातात बसतो, कारण मग उमगते. या आक्षेपाचा सर्वांत समर्थ वकील डी मॉर्गनचाच विद्यार्थी निघाला. आयझॅक टॉडहंटरने डी मॉर्गनकडे शिकून पुढे केंब्रिज गाठले, तिथे पहिला आला, आणि परीक्षेला नेमकी पुरतील अशी पाठ्यपुस्तके लिहिण्यात त्या शतकात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. त्याची भूमिती आणि बीजगणिते हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांतही पोचली. १८७३ साली त्याने विज्ञानाच्या वर्गात प्रयोग करून दाखवण्याच्या खटाटोपाबद्दल नापसंती दर्शवली: सुशिक्षित आणि सच्छील गुरूने एखादी गोष्ट सांगितल्यावरही मुलाला ती डोळ्यांनी पाहावीशी वाटत असेल तर त्याचा संशय अवाजवी आहे, असा त्याचा रोख होता. टॉडहंटरचे म्हणणे मूर्खपणाचे नाही. ज्ञानाचा बहुतांश भाग आपण सगळेच दुसऱ्याच्या शब्दावर घेतो. पण डी मॉर्गनची बाजू अशी की ज्या ठिकाणी कारण देता येते आणि वेळ असतो, तिथेसुद्धा गुरूच्या शब्दावर भागवले तर मुलगा गणित शिकत नाही, गुरूला मानायला शिकतो. त्यात आणखी एक गोष्ट आपल्या जवळची आहे. १८३६ साली स्थापन झालेले लंडन विद्यापीठ ही केवळ परीक्षा घेणारी संस्था होती आणि कॉलेजे तिच्या पेपरांकडे बघून शिकवू लागली. त्याच नमुन्यावर १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठे बेतली गेली. म्हणजे त्या वादात टॉडहंटरची सरशी झाली आणि त्या निकालाखाली आपल्या पाच-सहा पिढ्या शिकल्या. जाता जाता हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही की एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई नौरोजी १८५६ पासून काही वर्षे ह्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक होते. तिथे तेव्हा गणिताचा प्राध्यापक डी मॉर्गनच होता.

तर्कशास्त्राकडे तो वळला तेव्हाही हाच स्वभाव कामाला आला. अॅरिस्टॉटलची संवाक्यपद्धती दोन हजार वर्षे पुरेशी मानली गेली होती. डी मॉर्गनने एक साधे अनुमान पुढे केले: माणूस हा प्राणी आहे, म्हणून माणसाचे डोके हे प्राण्याचे डोके. हे कोणालाही पटते, पण जुन्या संवाक्याच्या कुठल्याही साच्यात ते बसवता येत नाही. मग साचा अपुरा आहे असे म्हणायचे, की अनुमानच खोटे? १८४७च्या ‘फॉर्मल लॉजिक’मध्ये आणि पुढे १८६०च्या संबंधांच्या तर्कशास्त्रावरील निबंधात त्याने साचा मोडायला घेतला. एडिंबरोच्या सर विल्यम हॅमिल्टनने मध्येच त्याच्यावर वाङ्मयचौर्याचा आरोप केला; ते भांडण बरेच गाजले आणि त्याचा खरा लाभ तिसऱ्यालाच झाला, कारण ते वाचून जॉर्ज बूलला आपले जुने विचार पुन्हा हाती घ्यावेसे वाटले. बूल पुढे गेला, डी मॉर्गन मागे राहिला, हे खरेच आहे. त्याची चिन्हे बोजड होती, आज ती कोणी वापरत नाही. आद्य शोधांच्या यादीत त्याला पहिल्या रांगेत बसवणारा हा लेख नव्हे.

त्या रांगेपेक्षा मला दिल्लीची एक हकीकत जास्त बोलकी वाटते. पानिपतजवळ १८२१ साली जन्मलेले मास्टर रामचंद्र दिल्ली कॉलेजात उर्दूतून विज्ञान आणि गणित शिकवत. १८५० साली त्यांनी कलकत्त्यात स्वखर्चाने एक इंग्रजी पुस्तक छापले: महत्तम आणि लघुतम किमतींचे प्रश्न कलनशास्त्राविना, निव्वळ बीजगणिताने कसे सोडवावेत. कलकत्त्यातल्या परीक्षकांनी त्यावर टीकाच केली. कलकत्त्यातले अधिकारी ड्रिंकवॉटर बेथ्यून ह्यांच्यामार्फत एक प्रत लंडनला डी मॉर्गनकडे पोचली. रामचंद्रांची युक्ती छोट्या उदाहरणात दाखवता येते. १० ह्या संख्येचे दोन भाग असे करा की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त होईल. गुणाकाराला ‘प’ म्हणा आणि भाग शोधा. ते येतात ५ + √(२५ – प) आणि ५ – √(२५ – प). प २४ असेल तर भाग ६ आणि ४. प २६ घेतला तर वर्गमुळाखाली –१ येतो, म्हणजे असे भाग नाहीतच. तेव्हा प फार तर २५, आणि भाग ५ व ५. जिथे समीकरण अशक्य होऊ लागते, नेमकी तीच सीमा म्हणजे महत्तम किंमत. पित्याच्या आणि पुत्राच्या वयाच्या गणितात ‘–२’ला बोलते करणाऱ्या माणसाला ह्या कागदात काय दिसले असेल हे सांगायला नको. ते बोलणारे अशक्यच इथे हत्यार झाले होते. उच्च घातांच्या समीकरणांना ही युक्ती सहज लावता येत नाही. तिथे रामचंद्रांनी प्रत्येक प्रश्नागणिक नव्या करामती योजल्या आहेत.

डी मॉर्गनने कंपनीच्या संचालकांशी पत्रव्यवहार केला, आणि १८५९ साली पुस्तक लंडनमध्ये त्याच्या दीर्घ प्रस्तावनेसह पुन्हा निघाले. रामचंद्रांना दोन हजार रुपये आणि खिलत मिळाली. प्रस्तावनेतला युक्तिवाद महत्त्वाचा आहे. हिंदुस्थानातल्या मुलांना युरोपचे तयार ज्ञान भरवण्यापेक्षा त्यांच्याच परंपरेत, लीलावती आणि बीजगणित लिहिणाऱ्या भास्कराचार्यांच्या परंपरेत, जी विचारशक्ती आहे ती जागी करा. ती स्वतःच्या बळावर चालू लागेल तेव्हा युरोपचे ज्ञान ती आपण होऊन घेईल. मेकॉलेच्या टिपणाला तेव्हा पंचवीस वर्षेही झाली नव्हती. यावर आजचा वाचक म्हणेल, आणि त्याने म्हणावेच, की हाही वसाहतवाल्याचाच दृष्टिकोन: ग्रीक मन भूमितीचे, हिंदू मन बीजगणिताचे, अशी जातवार वाटणी करून लंडनमध्ये बसून ‘देशी बुद्धी’वर प्रमाणपत्र देणे. ही टीका मला मान्य आहे. डी मॉर्गनला रामचंद्रांच्या वर्गातली उर्दू, १८५७चा हाहाकार ह्यांची जवळून कल्पना नव्हती, आणि पुस्तकाचा शाळांत फारसा उपयोगही झाला नाही. तरी एक गोष्ट शिल्लक राहते. त्या काळच्या शिक्षणाच्या वादात एका बाजूला फक्त संस्कृत-अरबी हवे म्हणणारे होते, दुसऱ्या बाजूला फक्त इंग्रजी. दोघेही मुलाच्या पुढे काय ठेवायचे ह्यावर भांडत होते. मुलाने समोरचे कोणत्या पायरीने स्वतःचे करायचे, हा प्रश्न डी मॉर्गनने विचारला, आणि तो त्याच्या गॉवर स्ट्रीटच्या वर्गातूनच आलेला होता.

नेम म्हटला की त्याचे अपवादही मोजावे लागतात. १८४०च्या सुमारास तो एडा लव्हलेसला पत्रांतून कलनशास्त्र शिकवत होता. तिच्या शंकांनी तो इतका प्रभावित झाला की तिच्या आईला लेडी बायरनला लिहिताना, ही पुरुष असती तर पहिल्या दर्जाची गणिती होऊ शकली असती अशा धर्तीची कबुली तो देतो. आणि त्याच पत्रात म्हणतो की असा विचार करण्याचा ताण स्त्रीच्या शरीराला झेपणार नाही. ज्या माणसाने कारणाशिवाय एकही पायरी चढू नये असे शिकवले, त्याने ही पायरी कोणत्या पुराव्यावर चढली? पुरावा नव्हता, काळाचे मत होते, आणि त्याने त्याखाली सही केली. १८४९ साली बेडफर्ड स्क्वेअरला मुलींसाठी निघालेल्या कॉलेजात त्याने पहिले वर्षभर शिकवले, ही भर घातली तरी मूळ वाक्य पुसले जात नाही. दुसरे प्रकरण प्रेतविद्येचे. १८६३ साली सोफियाने आत्म्यांच्या ‘संदेशां’वर पुस्तक लिहिले, आणि त्याला आद्याक्षरांआड दडून प्रस्तावना लिहिली ती डी मॉर्गनने. टीकाकारांनी इथे तर्कशास्त्री घसरला असे म्हटले आहे. प्रस्तावनेतली त्याची भूमिका मात्र बेताची आहे: आपण जे पाहिले ते फसवणूक म्हणून उडवून लावण्याजोगे नव्हते, आत्म्यांचे स्पष्टीकरण आपण सिद्ध मानत नाही, पण आजवर सुचवलेली इतर स्पष्टीकरणेही पुरी पडत नाहीत. मला हा युक्तिवाद दुबळा वाटतो. दिवाणखान्यात ठकवले जाण्याच्या शक्यतेला त्याने फारच कमी लेखले. पण दुबळेपणाची जात ओळखीची आहे: सर्वांनी हसायचे ठरवले म्हणून आपणही हसायचे, हे त्याला जमले नाही.

आता ते दोन राजीनामे. १८३१ साली शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक ग्रॅनव्हिल शार्प पॅटिसन ह्यांच्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी तक्रारी केल्या: विषय जुनाट, शिकवणे वाईट. कार्यकारी मंडळाने त्यांना काढून टाकले. डी मॉर्गनचा मुद्दा पॅटिसन चांगले शिक्षक होते असा नव्हताच. कारण न देता प्राध्यापकाला काढण्याचा हक्क मंडळाने गाजवला, तर वर्गात उभा राहिलेला प्रत्येक जण मंडळाच्या मर्जीवर उभा राहील, हा त्याचा मुद्दा होता. त्याने राजीनामा दिला तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता, दुसरी नोकरी हाती नव्हती. पाच वर्षे त्याने खाजगी शिकवण्यांवर आणि लिखाणावर काढली. त्याच्या जागी आलेले व्हाइट १८३६ साली समुद्रात बुडून गेले तेव्हा तो तात्पुरता म्हणून परतला आणि तीस वर्षे राहिला. दुसऱ्या वेळी प्रकरण गुंतागुंतीचे होते. १८६६ साली मनोविज्ञान आणि तर्कशास्त्राच्या अध्यासनासाठी जेम्स मार्टिनो हे सर्वांत योग्य उमेदवार होते, पण ते युनिटेरियन पंथाचे नामांकित धर्मोपदेशक. कॉलेजच्या मंडळातले जॉर्ज ग्रोट आणि त्यांच्या बाजूच्या मंडळींनी म्हटले की धर्मनिरपेक्ष कॉलेजात मनाचे तत्त्वज्ञान पंथाच्या पुढाऱ्याने शिकवणे बरे नव्हे. मार्टिनो नाकारले गेले. डी मॉर्गनच्या लेखी हिशोब सरळ होता: पंथ पाहून घेणे जसे, तसेच पंथ पाहून नाकारणे. त्याने राजीनामा दिला. नंतर कॉलेजला आपल्या दालनात त्याची प्रतिमा लावायची होती, तेव्हा आपण ज्या कॉलेजची सेवा केली ते आता उरलेले नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याने बसायलाच नकार दिला. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि एडिंबरोची सन्माननीय पदवी त्याने घेतली नव्हती. त्या मालिकेत हे शेवटचे.

ह्याच ठिकाणी दुसरा आक्षेप उभा राहतो आणि तो पहिल्याहून वजनदार आहे. बाहेर पडून झाले काय? पॅटिसन परत आले नाहीत, मार्टिनोंना अध्यासन मिळाले नाही. केंब्रिजची धर्माची अट शेवटी १८७१च्या कायद्याने गेली. जूनमध्ये तो मंजूर झाला, डी मॉर्गनच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी, आणि तो आणला तो संसदेतल्या आणि विद्यापीठांच्या आत राहून खटपट करणाऱ्या माणसांनी. गणिती सिल्व्हेस्टर ज्यू म्हणून १८३७ साली दुसरा येऊनही पदवीपासून वंचित राहिला होता. त्याला ती १८७२ साली मिळाली, राजीनाम्यांमुळे नव्हे, कायद्यामुळे. यावर मी इतकेच म्हणेन की हा आक्षेप राजीनाम्याला चळवळीचे हत्यार समजतो, आणि डी मॉर्गनने तो तसा वापरलाच नाही. सभा घेतल्या नाहीत, गट बांधले नाहीत. मागे राहिलेल्या प्राध्यापकांना दोष दिल्याचेही दिसत नाही. मला पुढे दिसतो तो शिक्षकाचा प्रश्न. दर वर्षी नव्या मुलांना, न पटलेले मानू नका, असे सांगायचे आणि स्वतः न पटलेल्या निर्णयाच्या छायेत पगार घ्यायचा, हे एकत्र जमत नाही. जमवले तर पहिले वाक्य पोकळ होते. दरवेळी बाहेर पडावे असा ह्याचा अर्थ नाही. मार्टिनो प्रकरणात मंडळाच्या बाजूलाही बोलायला जागा होती, आणि तडजोड काढता आली असती असे मला वाटते. पण त्या जागेवरून शिकवणे त्याला शक्य नव्हते, हे मान्य करावे लागते. राजीनाम्यानंतरचे दिवसही सोपे नव्हते. ज्या लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचा तो १८६५ साली पहिला अध्यक्ष झाला तिची कल्पना ज्याची होती तो त्याचा मुलगा जॉर्ज १८६७ साली वारला, १८७० साली मुलगी ख्रिस्टियाना गेली, आणि १८ मार्च १८७१ रोजी तो स्वतः.

त्याच वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेजात उपयोजित गणिताच्या जागी विल्यम किंग्डन क्लिफर्ड आला, तेव्हा वय सव्वीस. १८७७ साली त्याने श्रद्धेच्या नीतीवरचा आपला गाजलेला निबंध छापला: अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे हे कुठेही, कधीही, कोणासाठीही अयोग्यच. जहाज जीर्ण आहे हे ठाऊक असून, ते तरेल अशी स्वतःची समजूत घालणारा मालक त्याने उदाहरणाला घेतला आणि जहाज सुखरूप पोचले तरी त्याला दोषीच ठरवले. वरवर पाहता डी मॉर्गनच्या नेमाचीच ही धारदार आवृत्ती वाटते, आणि काहींनी क्लिफर्डला त्याचा वारस मानले असते तर नवल नाही. मला तसे वाटत नाही. क्लिफर्डला माणसाच्या मनातला विश्वास तपासायचा आहे. डी मॉर्गनने मनाला कधी हात घातला नाही, तो आडवा गेला ते विश्वासाची कबुली मागणाऱ्या दाराला. प्रेतविद्येची ती प्रस्तावना क्लिफर्डच्या कसोटीला सपशेल नापास होते, आणि मृत्युपत्रातले येशूविषयीचे वाक्यही. पण कसोटी लावायला क्लिफर्डला आधी ते वाक्य मोठ्याने म्हणून घ्यावे लागले असते, आणि तेवढे एक डी मॉर्गनने जिवंतपणी कोणालाच म्हणून दिले नव्हते.